लामणदिव्याखालचा पांढरा रुमाल

१

गॅसबत्ती मंडपात आली, पत्र्याच्या छपराखाली भक्क उजेड पडला आणि काशीनाथबुवांचा आवाज गाता गाताच अडकला.

"अहो, बाड कुठंय?"

गाभाऱ्याच्या दाराशी, लामणदिव्याखाली, कंबरभर उंचीचं लाकडी व्यासपीठ होतं. त्यावर तांबडं बासन तेवढं पडलं होतं. रिकामं. आमचे आधीचे, दिवंगत कीर्तनकार बाबाजीबुवा यांच्या हातची कीर्तनाची आख्यानं, चाली, मध्येच लिहिलेले विनोद, सगळं ज्या जाडजूड वहीत होतं ती वही, आमचं बाड, गेलं होतं.

नव्याण्णव सालचा चैत्र होता, अष्टमीची संध्याकाळ. मीरा रोड तेव्हा एवढं भरलेलं नव्हतं. बेव्हर्ली पार्कच्या पलीकडे खाजण सुरू व्हायचं, वाऱ्याबरोबर मिठागरांचा वास यायचा, आणि आमचं राममंदिर म्हणजे विटांचा गाभारा आणि पुढं पत्र्याचा मंडप. गिरगाव-लालबाग सोडून आलेल्या आम्ही माणसांनी तिथं कशाची हौस भागवली असेल तर कीर्तनाची. नऊ दिवस रोज संध्याकाळी सहाला पूर्वरंग, साडेसातला आख्यान. ऑफिसातून सुटलो की पाय धुवायचे आणि थेट सतरंजीवर बसायचं. त्या दिवशी शबरीचं आख्यान होतं. बोरं चाखायचा प्रसंग आला आणि वीज गेली. बुवा थांबले नाहीत. पेटीवाल्यानं सूर धरला, बुवा अंधारात गात राहिले, आणि काळोखात ऐकलेली ती शबरी मला आजही ऐकू येते. पाचेक मिनिटांनी मंडपाच्या मागच्या दारातून गॅसबत्ती आली, सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. त्या पाच मिनिटांत बाड गेलं.

मी मंडळाचा चिटणीस. काय करावं सुचेना. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं, शेवटच्या खांबाजवळच्या खुर्चीवरून, खणखणीत आवाज आला.

"मी पाहिलंय. धाकूनं उचललं."

आवाज माझ्या आईचा होता.

२

धाकू म्हणजे देवळाचा राखणदार. गुहागरकडचा, सहा फुटांवर उंच, डोक्याला कायम पांढरा रुमाल. झाडलोट, पाणी भरणं, दिवाबत्ती सगळं त्याच्याकडे. गाभाऱ्याच्या दाराशी गेला की लामणदिवा कपाळावर आपटू नये म्हणून मान खाली घालायचा, आणि पोरंटोरं म्हणायची, धाकूमामा देवाला नमस्कार करतो की दिव्याला? देवळामागची पत्र्याची खोली हेच त्याचं घर. गावचं घर भावकीत गेलेलं.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. पण आईच्या डोळ्यांवर त्या दिवसांत सगळ्या बिल्डिंगचा विश्वास होता. दीड महिन्यापूर्वी मुंबईच्या एका डॉक्टरांकडे तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून नवी मल्टिफोकल लेन्स बसवली होती. त्या इवल्याशा भिंगात वर्तुळात वर्तुळं असतात, काहींतून लांबचं दिसतं, काहींतून जवळचं. चष्मा सुटला. आई गॅलरीतून बसची पाटी वाचायची, खाली बसून तांदूळ निवडायची आणि पोथी वाचायची. शेजारच्या हंसाबेन आपल्या पाहुण्यांना तिच्याकडे घेऊन यायच्या, "देखो, बिना चश्मा!"

"काय दिसलं नक्की?" मी विचारलं.

"पाठमोरा होता. अंधारात बाकी काही नाही, पण डोक्यावरचा पांढरा रुमाल लख्ख दिसला. ताठ उभा राहिला, बाड उचललं, कपाळाला लावलं आणि बाजूच्या दारानं गेला."

मंडळाची बैठक तिथंच सतरंजीवर झाली. दशमीचा काला होईपर्यंत बाड परत आलं तर ठीक, नाहीतर धाकूनं खोली सोडायची. सांगायचं काम चिटणीसाचं. माझं.

धाकू गॅसबत्ती खाली ठेवून ऐकत होता. मग एवढंच म्हणाला, "सुभाषशेट, देवाची वस्तू मी घेन व्हय? रुमाल तर माज्या डोक्यावर नव्हताच. बत्तीची कडी तापते, ती रुमालात धरलीवती मी."

रुमालावर काजळीचा पट्टा होता. आम्ही तो पाहिला. आणि मनावर घेतला नाही.

३

रामनवमीच्या सकाळी मी पंढरीनाथकाका करंगुटकरांच्या दुकानात गेलो. काकांनी चाळीस वर्षं चष्मे केले, आधी गिरगावात, मग मीरा रोड स्टेशनजवळ. माणसाला नावाआधी नंबरानं ओळखायचे. बाबाजीबुवांचे जुने स्नेही. आमच्या बिल्डिंगीत कुणाची अंगठी हरवली, कुणाचं पत्र चुकलं की लोक पोलिसांआधी काकांकडे जायचे.

"आईची लेन्स सगळ्यांनी बसवली तर मी इथं सरबत विकू का?" त्यांनी नेहमीचं स्वागत केलं. मग माझा चेहरा पाहून हातातली फ्रेम खाली ठेवली.

मी सगळं सांगितलं. बोलता बोलता माझं लक्ष काचेच्या कपाटाकडे गेलं. "काका, ते मोठं भिंग गेलं वाटतं? शोभेचं होतं ना?"

"गेलं. आठ दिवस झाले. संपदावहिनींनी नेलं, नातीच्या शाळेसाठी. जाताना माझा चहाचा कप पाडून गेल्या, तो डाग बघ अजून." त्यांनी टेबलावरचा डाग बोटानं दाखवला. संपदावहिनी म्हणजे बाबाजीबुवांच्या पत्नी, भाईंदरला एकट्या राहायच्या. "ते असू दे. धाकूशिवाय संशय कोणावर?"

"जितेंद्र सावलावर. कॅसेटवाला. गेल्या वर्षापासून मागे लागलाय की बाड द्या, छापून काढतो."

जितेंद्र शेजारच्याच गाळ्यात होता. काकांनी विचारताच हात जोडून म्हणाला, "काका, मेरेको क्या मिलेगा चोरी करके? छापायचं तर नाव लावायला लागेल ना, मग सगळ्यांना कळणारच! लाइट गेली तेव्हा मी मीटरच्या पेटीजवळ होतो, तुमचा पेटीवाल्याचा भाऊ माझ्याबरोबर. टॉर्च पण त्याचाच. पूछ लो."

विचारलं. खरं होतं.

"म्हणजे धाकूच," मी म्हटलं. खरं सांगतो, म्हणताना तोंड कडू झालं.

काका उठले. शटर अर्धं ओढत त्यांनी विचारलं, "सुभाष, चोर चोरलेली वस्तू कपाळाला लावतो का रे?"

४

त्या नवमीला पाळणा क्षितिजानं, माझ्या बायकोनं, म्हटला. दरवर्षी तो मान संपदावहिनींचा असायचा. ठेंगणीठुसकी, गोड गळ्याची बाई, पाळण्याची दोरी धरली की डोळे मिटून गायच्या. त्यांचा निरोप आला होता, गुडघा धरलाय. जन्माचा सोहळा आटपला, सुंठवडा वाटून झाला. धाकूनं एकाही माणसाच्या नजरेला नजर न देता मंडप झाडला. त्याच्या खोलीच्या दाराशी एक ट्रंक दोरीनं बांधून ठेवलेली दिसली. सकाळी ती नव्हती.

दुपारी काका घरी आले. आईनं त्यांच्यापुढं पन्हं ठेवलं.

"सुगंधाताई, झकास दिसतंय ना?"

"सुईत दोरा ओवून दाखवू?"

"दाखवा. पण आधी सांगा, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे कसे दिसतात?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"दिसतात की. दिव्यासारखे."

"नुसते दिवे? की दिव्याभोवती काही?"

"काका, डॉक्टरांनी काही…" मी मध्ये बोललो. काकांनी हातानं थांबवलं.

"कडी," आई हळू आवाजात म्हणाली. "दिव्याभोवती पांढरी कडी दिसतात. एकात एक. उन्हात काही नाही, उजेडात काही नाही. काळोख पडला आणि एखादाच दिवा असला की दिसतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरानं एवढ्या हौसेनं लेन्स बसवली. खोट आहे म्हणून कसं सांगू? आणि…"

"आणि काय?"

"देवळातल्या लामणदिव्याभोवती दिसली ना, तेव्हा वाटलं ही खोट नाही. रामानं मला वेगळं काही दाखवलंय. म्हणून तर काल सगळे बत्तीच्या वाटेकडे बघत होते आणि मी एकटी दिव्याकडे."

"ताई, खोट नाही ती," काका म्हणाले. "लेन्सची जातच तशी. माझ्या तीन गिऱ्हाइकांना दिसतात. डॉक्टरांनी सांगितलं असणार, तुम्ही आनंदात विसरलात. काही महिन्यांत मेंदूला सवय होते." त्यांनी पन्ह्याचा पेला संपवला. "संपदावहिनी आल्या होत्या ना तुमच्याबरोबर डॉक्टरकडे?"

"हो तर. दोघींनी एकाच दिवशी दाखवलं. तिला म्हणाले ऑपरेशनची गरज नाही. नशीबवान आहे."

काका उठले. दाराशी मला म्हणाले, "जन्माचं कीर्तन दुपारीच झालं, आज संध्याकाळी मंडप मोकळा आहे. आठला तिथले दिवे बंद कर. आईला त्याच खुर्चीवर बसव. आणि धाकूला बोलाव. रुमाल न बांधता."

५

मंडपात काळोख केला. गाभाऱ्याच्या दाराशी लामणदिव्याची एकच ज्योत. आई खांबाजवळ खुर्चीवर, तिच्यामागं मी, काशीनाथबुवा आणि मंडळाचे दोघं-तिघं.

"धाकू, व्यासपीठासमोर उभा राहा. ताठ. पाठ आमच्याकडे."

धाकू उभा राहिला. कालपासून त्यानं जेवण केलं नव्हतं हे मागाहून कळलं.

"ताई, काय दिसतं?"

"काही नाही. काळोख." आई चाचरली. "दिवाच दिसेनासा झाला. ह्याच्या डोक्यामागं गेला."

"रुमाल?"

"नाही दिसत."

"धाकू, आता रुमाल बांध."

धाकूनं बांधला. आई डोळे ताणून बघत राहिली. "अजून नाही दिसत. उजेड मागून आहे ना, सगळंच काळं."

खराखुरा रुमाल बांधलेला खराखुरा धाकू, आणि रुमाल दिसत नव्हता!

"सुभाष, तू जा."

मी उभा राहिलो. मी साडेपाच फूट. आई म्हणाली, दिवा झाकला. मग काकांनी क्षितिजाला पाठवलं. क्षितिजा माझ्या खांद्याला लागते. ती व्यासपीठासमोर पाठमोरी उभी राहिली, आणि आई खुर्चीवरून अर्धी उठली.

"अगं, तू कधी रुमाल बांधलास डोक्याला?"

क्षितिजाच्या डोक्यावर काहीही नव्हतं. मोकळे काळे केस होते. आणि तिच्या डोक्याच्या जेमतेम वर, बोटभर उंच, लामणदिव्याची ज्योत जळत होती.

काकांनी दिवे लावायला सांगितले. "ज्योतीभोवतीची पांढरी कडी ताईंना ज्योतीखालच्या डोक्यावर गुंडाळल्यासारखी दिसतात. ज्योत डोक्यामागं गेली तर कडीही जातात. म्हणजे ताईंना रुमाल दिसला, ह्याचाच अर्थ तिथं धाकू नव्हता. ज्याचं डोकं ज्योतीच्या खाली राहतं असं कुणीतरी होतं."

"तो वाकला असेल तर?" बुवांनी विचारलं.

"वाकला असेल. पण बाड कपाळाला लावणारा ताठ होता, ताईंनीच सांगितलंय."

आईनं तोंडाला पदर लावला. "म्हणजे माझे डोळे खोटं बोलले?"

"नाही हो. डोळ्यांनी दिसलं ते खरं दिसलं. रुमाल म्हणजे धाकू, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं. आणि एकदा पुरुष ठरवला म्हणून बायकांच्या बाजूला कुणी एक प्रश्न विचारला नाही."

धाकूनं रुमाल सोडून हातात घेतला होता. आई उठून त्याच्याकडे गेली. हात जोडायला गेली. धाकूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या म्हातारे. बाड गावलं का पन?"

काका माझ्या कानाशी आले. "सकाळी भाईंदरला जायचंय. कुणाला सांगू नकोस."

६

रिक्षात काका सांगत गेले. "बाड कपाळाला लावणारी, उंचीनं ठेंगणी, गाभाऱ्याशी दिसली तरी कुणाला नवल वाटणार नाही अशी. अष्टमीला कीर्तनाला होती, आणि नवमीचा पाळणा जिनं वीस वर्षांत चुकवला नाही ती काल आली नाही. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण तो चहाचा डाग बसू देईना. कप वहिनींच्या हाताशीच ठेवला होता मी. त्यांना समोरचं भिंग दिसत होतं, बाजूचा कप दिसला नाही. नळीतून बघावं तसं बघत होत्या. चाळीस वर्षं माणसं बघतोय, असं बघणारी माणसं ओळखतो. आणि सुभाष, त्यांचा मुलगा इंदूरला, त्याला मूलबाळ नाही. नात कुठली?"

भाईंदरच्या त्या चाळीत दार उघडंच होतं. संपदावहिनी खिडकीशी उन्हात बसल्या होत्या. मांडीवर बाड, हातात भिंग. पान उलटताना बोट आधी कागदाच्या कडेनं फिरवून घेत होत्या. पावलं ऐकून त्यांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठं आम्ही दिसलो.

"भावजी? आज काल्याला आणणारच होते मी."

"वहिनी, डॉक्टर काय म्हणाले?"

त्यांनी भिंग पानांत खुणेसारखं ठेवलं. "काचबिंदू. खूप पुढं गेलाय म्हणाले. सुगंधासारखी लेन्स बसवून उपयोग नाही. आहे ते थेंब टाकून टिकेल तितकं टिकवायचं. वर्ष, दोन वर्षं. कुणाला सांगितलं नाही. मुलाला कळलं तर तो इंदूरला नेईल. तिथं मला कुठलं कीर्तन आणि कुठला राम?"

"पण मागायचं ना बाड," मी म्हटलं. "तुम्हाला कोण नाही म्हणालं असतं?"

"ते जाताना सांगून गेले होते, बाड आता रामाचं, कथा सांगणाऱ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. त्यांचा शब्द मोडायचा तर चोरूनच मोडायला हवा. सगळ्यांदेखत कसा मोडू?" त्या हसल्या. "आणि मागितलं तर कारण सांगावं लागलं असतं. वीज गेली तेव्हा वाटलं, देवच म्हणतोय, घे. अंधाराची मला सवय करायचीच आहे. कालपासून त्यांचं अक्षर बघत बसलेय. ह्यात एका पानावर माझं नाव आहे, सुभाष. शबरीच्या चालीशेजारी. 'ही चाल संपदेची.' बत्तीस वर्षांत मला बोलले नाहीत कधी."

मग काकांनी धाकूचं सांगितलं.

वहिनींनी बाड मिटलं. "धाकूवर? माझ्यामुळं?"

"तो सुटलाय," मी घाईनं म्हणालो. "आणि बाड आता गुपचूप ठेवून देऊ. देवाच्या फडताळात सापडलं म्हणू. कुणाला कळायचं नाही."

"मग लोक म्हणतील, धाकूनंच घाबरून आणून ठेवलं." त्यांनी बाड बासनाविना पदरात गुंडाळलं आणि उठल्या. "रिक्षा थांबवली आहेस ना?"

७

काल्याच्या कीर्तनाला मंडप खच्चून भरला होता. गाण्याआधी बुवांना बुक्का लावला, हार घातला, तेवढ्यात संपदावहिनी माझा हात धरून पुढं आल्या. बाड व्यासपीठावर ठेवलं. लोकांकडे वळून साध्या आवाजात सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. शेवटी म्हणाल्या, "धाकू कुठंय? मला बाजूचं दिसत नाही रे, समोर ये."

धाकू समोर आला. त्या वाकायला गेल्या तसा तो सहा फुटी माणूस चटकन खाली बसला. "आय, असं करू नको गं," एवढंच म्हणाला. काशीनाथबुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला आणि कीर्तनकाराला देतात तशी त्याला उराभेट दिली. मी मंडळातर्फे माफी मागणार होतो. चार वाक्यं लिहूनही आणली होती. कागद खिशातच राहिला, मी नुसते त्याचे पाय धरले. त्याच दुपारी मी आणि जितेंद्रनं मिळून त्याची ट्रंक सोडली.

इंदूरचा मुलगा आला, बोलला, पण वहिनी गेल्या नाहीत. आईनं त्याला सांगितलं, "माझे डोळे चांगले आहेत. दोघींना पुरतील."

मग रोज दुपारी तीन वाजता आमच्या गॅलरीत ऊन असायचं आणि बाड उघडायचं. मंडळानं ठराव करून नियम बदलला होता, कथा सांगणाऱ्याखेरीज आणि कथा वाचणारीखेरीज कुणी हात लावू नये. आई चष्म्याशिवाय बाबाजीबुवांचं बारीक अक्षर वाचायची, वहिनी भिंतीला टेकून चाल लावायच्या. "चुकलीस, तिथं बोरं नाहीत अजून." "तुझ्या नवऱ्याचा र मला व वाटतो, मी काय करू?" जितेंद्रचा टेपरेकॉर्डर कोपऱ्यात फिरत असायचा. त्यानं कॅसेटवर नाव छापलं ते वहिनींचं.

दोन वर्षांनी वहिनींना फक्त उजेड आणि काळोख एवढंच कळायला लागलं. तोवर सगळं बाड त्यांना पाठ झालं होतं.

त्याच सुमारास एका अष्टमीला पुन्हा वीज गेली. आईच्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. धाकू बत्ती आणायला गेला. आई लामणदिव्याकडे बघत होती.

"सुभाष," ती कुजबुजली, "कडी गेली रे. नुसता दिवा दिसतोय."

"चांगलं झालं की आई. काका म्हणालेच होते, सवय होईल."

ती दिव्याकडेच बघत राहिली. वहिनींनी चाचपत तिचा हात शोधला.

"मला सांग, कशी दिसायची?"

आई अंधारात सांगायला लागली. एकात एक, पांढरी, दिव्यापासून सुरू होऊन गाभाऱ्याच्या चौकटीपर्यंत. पुढं बुवा गातच होते. मागच्या दारातून धाकू आला, तापलेली कडी रुमालात धरून, आणि गाभाऱ्याशी येताच सवयीनं त्यानं मान खाली घातली.